पेरूचा बॅकपॅकिंग प्रवास : लिमाहून थेट कुस्को गाठावे की अरेकिपामार्गे चढत जावे?

सात रस्ता

सर्वांना नमस्कार. सोलापुरात आमचा चादरी आणि टॉवेलांचा यंत्रमाग कारखाना आहे. मी आणि माझा एक शाळासोबती, दोघेही पस्तिशीच्या आसपासचे, पाठीवर एकेक पिशवी घेऊन चार आठवडे पेरू पाहण्याच्या विचारात आहोत. सहल कंपनीबरोबर जायचे नाही एवढेच ठरले आहे; बाकीचे बरेच काही अजून ठरायचे असल्यामुळे येथे विचारत आहे.

कच्चा आराखडा असा आहे. गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीच्या अखेरीस मुंबईहून निघावे, लिमाला उतरून दुसऱ्याच दिवशी विमानाने कुस्कोला जावे, लगेच इंका ट्रेल या जुन्या डोंगरवाटेने चार दिवस चालून माचू पिच्चू हे इंकांचे प्राचीन नगर पाहावे, परत आल्यावर विनिकुंका हा रंगीत पट्ट्यांचा डोंगर करावा, तेथून टिटिकाका सरोवर, पुढे बोलिव्हियात ला पाझ आणि उयुनीचे मिठाचे मैदान पाहावे, आणि परतताना अरेकिपा व नाझ्का करून पुन्हा लिमा गाठावे. नकाशावर हे वर्तुळ नीट जुळते. प्रत्यक्षात ते जुळेल का, हे तेथे जाऊन आलेल्यांनीच सांगावे, कारण आम्हा दोघांची उंचीची ओळख कळसूबाईच्या शिखरापाशी संपते.

माझा मित्र शाकाहारी असून अंडेही खात नाही, त्याच्या जेवणाची सोय कितपत होते? व्हिसा आणि विमानमार्ग यांत कशाचा निर्णय आधी घ्यावा? शिवाय आमचा घरचाच व्यवसाय विणकामाचा असल्यामुळे तेथील हातमाग आणि लोकर रंगवण्याची पद्धत प्रत्यक्ष पाहण्याची मला फार इच्छा आहे. बाजारातील दुकाने नकोत, काम चालू असलेले माग पाहायचे आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

हिप्परगा काठ

आपण निवडलेली ठिकाणे उत्तम आहेत, मात्र महिना आणि क्रम हे दोन्ही बदलावेत असे मी आग्रहाने सुचवीन.

आधी महिन्याविषयी. अँडीज पर्वतात डिसेंबर ते मार्च हा पावसाळा असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याचा जोर सर्वाधिक असतो. दरडी कोसळून रस्ते आणि रेल्वेमार्ग बंद पडण्याचे प्रकार याच काळात होतात, आणि इंका ट्रेल तर दुरुस्तीसाठी संपूर्ण फेब्रुवारी महिना बंद ठेवला जातो. म्हणजे गड्ड्यानंतर निघालात तर आपल्या आराखड्यातील मुख्य गोष्टच हातची जाईल. मे ते सप्टेंबर हा तेथील कोरडा हंगाम आहे. त्यातही मे महिना मला सर्वांत पसंत आहे, कारण पाऊस नुकताच सरलेला असल्याने डोंगर हिरवे असतात आणि जून-ऑगस्टची गर्दी अजून सुरू झालेली नसते. २४ जूनला कुस्कोत इंति रायमी हा सूर्याचा उत्सव असतो. तो पाहायचा असेल तर राहण्याची सोय फार आधी करावी लागते आणि तो पाहायचा नसेल तर ते दिवस टाळलेले बरे. एक मात्र ध्यानात ठेवावे की तो दक्षिण गोलार्ध आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना तेथे हिवाळा सुरू होत असतो आणि टिटिकाकाच्या काठी रात्री पाणी गोठते.

आता क्रम. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि लिमा तर समुद्राच्या काठावरच आहे. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहूनही उंच. विमान ही चढण दीड तासाच्या आत संपवते. शरीराला मात्र तिच्याशी जुळवून घ्यायला कित्येक दिवस लागतात. त्यावर लगेच इंका ट्रेल, ज्याची सर्वांत उंच खिंड ४,२०० मीटरच्या वर आहे, आणि त्यावर विनिकुंका, जो ५,००० मीटरच्या पुढे जातो. हा क्रम धडधाकट माणसालाही आडवा करू शकतो.

म्हणून आपले वर्तुळ उलट्या दिशेने फिरवावे. लिमाहून बसने समुद्रकाठच्या पाराकासला जावे, तेथून इकाजवळचे वाकाचिनाचे वाळूचे डोंगर आणि मग नाझ्का पाहावे. नाझ्काच्या रेषा, म्हणजे वाळवंटाच्या जमिनीवर कोरलेल्या महाकाय प्राचीन आकृत्या, विमानातून पाहण्याची चढाओढ असते, पण महामार्गालगतच्या मनोऱ्यावरूनही दोन-तीन आकृत्या दिसतात, आणि छोट्या विमानात पोट ढवळणाऱ्यांना तो मनोराच सोयीचा आहे. नाझ्काहून रात्रीच्या बसने अरेकिपा गाठावे. हे शहर सुमारे २,३०० मीटरवर असून ज्वालामुखीच्या पांढऱ्या दगडात बांधलेले आहे. येथे घाई करू नये. १५७९ मध्ये स्थापन झालेला सांता कातालिना मठ एका शहरात वसलेले दुसरे शहरच आहे, आणि तो पाहायला अर्धा दिवस सहज जातो.

अरेकिपात तीन-चार मुक्काम झाले की कोल्का दरी करावी, पण पहाटे तीनला निघून संध्याकाळी परतणाऱ्या एकदिवसीय सहलीने करू नये. त्या वाटेवरील पातापाम्पा खिंड सुमारे ४,९०० मीटरवर आहे. दरीतील काबानाकोंदे या गावात, साधारण ३,३०० मीटरवर, दोन रात्री काढाव्यात आणि सकाळच्या उन्हात वर येणारी कोंडोर गिधाडे निवांत पाहावीत. तेथून पुनो (३,८०० मीटर) आणि शेवटी कुस्को. लक्षात घ्या की पुनो हे कुस्कोपेक्षा उंच आहे, त्यामुळे या दिशेने गेल्यास कुस्कोला पोहोचताना आपण प्रत्यक्षात खाली उतरत असता, आणि ट्रेकच्या आधी शरीराला पुरेसा सराव झालेला असतो.

बोलिव्हिया या खेपेस वगळावे असे माझे मत आहे. उयुनी सुंदर आहे यात वाद नाही, पण चार आठवड्यांत ते कोंबले तर अर्धा प्रवास बसच्या खिडकीतूनच होईल.

होटगी रस्ता

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे. एका मुद्द्यावर मात्र मतभेद नोंदवतो. थेट कुस्कोला उतरणे सरसकट अयोग्य आहे असे नाही. विमानतळावरून शहरात मुक्काम न करता त्याच दिवशी उरुबांबा नदीच्या खोऱ्यात खाली उतरावे आणि ओयांतायतांबो येथे राहावे. ते गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे, आणि तेथूनच माचू पिच्चूची रेल्वेही सुटते. माचू पिच्चू स्वतः २,४३० मीटरवरच आहे. ज्यांच्या हाती दोनच आठवडे आहेत त्यांनी हा मार्ग घ्यावा. आपल्याकडे चार आठवडे आहेत, तेव्हा हिप्परगा काठ यांचा मार्गच आपल्याला अधिक लाभेल.

व्हिसा आणि विमानमार्ग हे दोन वेगळे प्रश्न समजू नयेत. भारतातून लिमाला थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचे तर केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि युरोपातील काही देश भारतीय प्रवाशांकडून विमानतळावरील थांब्यासाठीही व्हिसा मागतात. दुबई, दोहा किंवा अदिस अबाबामार्गे साओ पाउलो आणि तेथून लिमा हा मार्ग लांबचा असला तरी या कटकटीतून बराचसा सोडवतो. फक्त सगळी विमाने एकाच तिकिटावर असावीत, म्हणजे सामान घेण्यासाठी ब्राझीलमध्ये प्रवेश करण्याची वेळ येत नाही. याउलट, आपल्यापैकी कोणाकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातील शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा आधीच असेल, तर पेरू भारतीय नागरिकाला पर्यटनासाठी वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश देतो. तसा नसल्यास नवी दिल्लीतील पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करावा लागेल. म्हणून आधी दोघांचे पासपोर्ट उघडून पाहावेत, मग नियम दूतावासाकडून पडताळावेत आणि त्यानंतरच तिकिटे काढावीत. बोलिव्हियाचा मोह सुटलाच नाही, तर आपला पेरूचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे पाहावे. नाहीतर टिटिकाकाच्या बोलिव्हियाकडील काठावरच्या कोपाकाबानाला गेल्यावर परतीची वाट बंद होईल.

इंका ट्रेलचे परवाने सर्वांत आधी संपतात. दिवसाला पाचशे जणांनाच सोडतात आणि त्यात वाटाडे व हमालही मोजले जातात, त्यामुळे पर्यटकांच्या वाट्याला त्याहून बऱ्याच कमी जागा येतात. शिवाय परवानाधारक संस्थेखेरीज स्वतंत्रपणे हा ट्रेक करता येत नाही, म्हणजे 'सहल कंपनी नको' हा आपला नियम येथे चार दिवसांपुरता मोडावाच लागेल. तो मोडायचा नसेल तर कुस्कोहून व्हॅनने सहा-सात तासांवरच्या हिद्रोएलेक्त्रिका या ठिकाणी उतरावे आणि तेथून रुळांच्या कडेने साधारण दहा किलोमीटर चालत माचू पिच्चूच्या पायथ्याचे आग्वास कालिएंतेस हे गाव गाठावे. वाट सपाट आहे, खर्च रेल्वेच्या तुलनेत फारच थोडा आहे आणि पाठपिशवीवाल्यांची वर्दळ असल्यामुळे एकटेपणा वाटत नाही. मात्र माचू पिच्चूचे तिकीट कोणत्याही मार्गाने गेलात तरी ठरावीक वेळेचे आणि ठरावीक फेरीचे असते, आणि प्रवेशद्वारावर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.

आराखड्यात दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत, कारण दक्षिण पेरूत आंदोलने झाली की रस्ते अडवले जातात. २०२३ च्या जानेवारीत तर अशा आंदोलनांमुळे माचू पिच्चूच काही आठवडे बंद होते.

पार्क चौक

मी निवृत्त वैद्यकीय व्यावसायिक आहे, म्हणून तेवढ्याच बाजूने लिहितो.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची जागा दररोज पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. अरेकिपाहून कोल्काला जाताना रस्त्याच्या रचनेमुळे हा नियम काटेकोर पाळता येत नाही, आणि म्हणूनच अरेकिपातील मुक्काम वाचवून दिवस शिल्लक पाडण्याचा विचार करू नये. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे असून ती दिसताच आणखी वर जाणे थांबवावे. चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही मात्र धोक्याची सूचना आहे; अशा वेळी रात्र असो वा दिवस, रुग्णाला ताबडतोब खाली आणणे हाच मुख्य उपचार आहे. असेटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी आणि इतरांनीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे.

पीतज्वराची लस हा आपल्या प्रवासातील सर्वांत दुर्लक्षित होणारा विषय आहे. पेरूचा समावेश पीतज्वराच्या देशांत होतो, त्यामुळे तेथून परतताना वैध प्रमाणपत्र नसल्यास भारतातील विमानतळावर आपल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. आपण जंगलभागात पाऊल ठेवले नव्हते, हे सांगून तेथे भागत नाही. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी वैध होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. केंद्रांत ठरावीक वारीच लस देतात, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. आपला मित्र अंडे खात नाही असे आपण लिहिले आहे. ही लस कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणात तयार केली जाते. अंडे न खाणे आणि अंड्याची ॲलर्जी असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. ॲलर्जी असेल तर ते केंद्रात आधीच सांगितले पाहिजे, आणि केवळ आचाराचा प्रश्न असेल तर त्यांनी तो घरीच सोडवून मग जावे.

कुस्कोत उतरल्या उतरल्या कोकाच्या पानांचा चहा हातात दिला जातो. तेथे तो कायदेशीर आणि घरोघरी चालणारा आहे, जरूर प्यावा. परंतु त्याची एकही पुडी भारतात आणू नये. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार कोकाचे पान बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे, आणि भेट म्हणून आणलेली चहाची पाकिटेही त्यातून सुटत नाहीत.

विमा काढताना किती मीटरपर्यंतचा ट्रेक त्यात धरला आहे, हे अटींमध्ये शोधून वाचावे.

नवी पेठ

मी व माझ्या यजमानांनी हा प्रवास हिप्परगा काठ यांनी सांगितलेल्या दिशेनेच केला आहे, आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. विणकामाचा प्रश्न वाचून मला राहवले नाही, कारण त्या दृष्टीनेही समुद्रकाठाने वर चढत जाणे हाच खरा क्रम आहे.

लिमात मिराफ्लोरेस भागात आमानो वस्त्रसंग्रहालय आहे; प्रवासाचा पहिला दिवस तेथेच घालवावा. पाराकासच्या वाळवंटात दोन हजार वर्षांपूर्वी मृतदेहांभोवती गुंडाळलेली भरतकामाची वस्त्रे कोरड्या हवेमुळे रंगांसकट टिकून राहिली, आणि तेथील काही वस्त्रे इकाच्या प्रादेशिक संग्रहालयातही पाहता येतात. पुढे अरेकिपा हे अल्पाका लोकरीच्या व्यापाराचे आणि सूतगिरण्यांचे शहर आहे. टिटिकाकातील ताकिले बेटावर पुरुष विणतात आणि सुयांवर विणलेली त्यांची टोपी पाहून तो विवाहित आहे की अविवाहित हे गावाला कळते. या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मान्यता दिली. पुनोहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या बोटी त्या बेटावर फार थोडा वेळ थांबतात, म्हणून एक रात्र तेथील एखाद्या घरी राहावे.

आणि सर्वांत शेवटी कुस्कोजवळचे चिंचेरो. तेथील स्त्रिया ज्या मागावर विणतात त्याला चौकट नसते. उभ्या धाग्यांचे एक टोक खुंटाला आणि दुसरे विणणारीच्या कमरेला बांधलेले असते, आणि ताण कमी-अधिक करायचा तर ती स्वतः मागे-पुढे झुकते. आपल्याकडे जेकॉर्डचे पत्ते जे काम करतात, म्हणजे कोणता उभा धागा केव्हा उचलायचा हे ठरवणे, ते ती बोटांनी आणि आठवणीने करते. लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोशिनील किड्यापासून काढतात. तो किडा तळहातावर चिरडून, त्यात लिंबाचा रस किंवा क्षार मिसळून रंगाची छटा कशी पालटते हे आपल्याला करून दाखवतात. पर्यटकांसाठी बसवलेली प्रात्यक्षिके चिंचेरोत पुष्कळ आहेत, आणि ती अर्ध्या तासात विक्रीच्या टेबलाशी येऊन थांबतात. कुस्कोच्या अवेनिदा एल सोल या रस्त्यावर १९९६ मध्ये सुरू झालेले पारंपरिक वस्त्रकेंद्र आहे, तेथे आधी जावे. विणकर स्त्रिया तेथे दिवसभर बसून काम करतात, आसपासच्या विणकर गावांची माहितीही तेथे मिळते, आणि प्रत्येक कापडावर विणणारीचे नाव असते. 'बेबी अल्पाका' म्हणून रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या शालींत ॲक्रिलिक किती आहे हे आपल्याला बोट लावताच कळेल, त्यामुळे त्याविषयी मी काय सांगावे.

जेवणाचे फारसे भय बाळगू नये, पण गाफीलही राहू नये. बटाटा, मका आणि किन्वा हे तिथले रोजचे अन्न आहे. उकडलेल्या मक्याच्या कणसाबरोबर चीज, अरेकिपातील सोल्तेरितो नावाची शेंगभाज्या-चीजची कोशिंबीर, भाजलेला मका, ताज्या फळांचे रस हे सगळीकडे मिळते. अडचण सुपाची होते, कारण किन्व्याच्या सुपातही पाणी बहुधा कोंबडीचे असते. 'शाकाहारी' एवढेच सांगून चालत नाही. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन वेवो', म्हणजे मटण, कोंबडी, मासे, अंडे काहीच नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे लागते. वसतिगृहांत स्वयंपाकघर असते, पण पुनो-कुस्कोच्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आतच उकळत असल्यामुळे साध्या पातेल्यात तूरडाळ काही केल्या शिजत नाही. पोहे, उपम्याचा भाजलेला रवा आणि फार तर मूगडाळ न्यावी. आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी बंद पाकिटांतून नेली होती आणि विमानतळावर ती जाहीर केली होती. शेंगदाणा आणि मिरची या दोन्ही मूळच्या त्याच खंडातल्या, तेव्हा चटणी एका अर्थी माहेरीच गेली.

सात रस्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही दोघांनी काल बसून आराखडा पुन्हा मांडला. आता मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघून जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर परत यायचे ठरते आहे. लग्नसराईत कामगार गावी जातात आणि कारखाना तसाही निम्म्यावर चालतो, त्यामुळे हा काळ सोयीचाही आहे. बोलिव्हिया वगळले. माझ्या मित्राकडे ब्रिटनचा व्हिसा आहे, माझ्याकडे कोणताच नाही, त्यामुळे दिल्लीच्या दूतावासाकडे मला एकट्यालाच अर्ज करावा लागेल असे दिसते.

दोन शंका उरतात. इंका ट्रेल की हिद्रोएलेक्त्रिकाची वाट, यांत आमच्यासारख्यांनी काय निवडावे? आणि पैसे कोणत्या स्वरूपात न्यावेत?

हिप्परगा काठ

मे महिन्यातील परवाना आजच्या घडीला मिळत असेल तर इंका ट्रेलच करावा. माचू पिच्चूला पायी, सूर्यद्वारातून वरच्या बाजूने पोहोचणे आणि बसने खालून पोहोचणे यांत फार फरक आहे, आणि वाटेतील विन्यायवायनासारखे अवशेष रेल्वेच्या प्रवाशाला दिसतच नाहीत. परवाना संपला असेल तर दलालाला जास्त पैसे देऊन मिळवण्याच्या फंदात पडू नये, कारण परवाना पासपोर्ट क्रमांकावर असतो आणि तो नंतर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. अशा वेळी हिद्रोएलेक्त्रिकाची वाट घ्यावी आणि वाचलेले दिवस ताकिले व चिंचेरोला द्यावेत. मित्राच्या व्हिसाची मुदत प्रवासाच्या वेळी सहा महिने उरलेली असेल का, हेही आताच मोजून पाहा.

होटगी रस्ता

रुपये तेथे कोणी बदलून देत नाही. डॉलर न्यावेत, परंतु प्रत्येक नोट कोरी असावी. कोपरा किंचित फाटलेली, शाई लागलेली किंवा चिकटपट्टी लावलेली नोट पेरूत दुकानदारही घेत नाही आणि सराफही घेत नाही. त्याखेरीज दोघांकडे दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे असावीत आणि त्यांवरील परदेशातील व्यवहार निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावेत, कारण नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. तेथून ते सुरू करायचे म्हटले की बँकेचा संदेश आपल्या भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू ठेवावे. गावांतल्या बाजारात आणि ताकिलेवर रोख सोलच (पेरूचे चलन) चालतात, तेव्हा ते अरेकिपात किंवा पुनोत काढून घ्यावेत.